वेगळ्या चुलींचं घर

भागिरता, आज सकाळी आपल्या गोदामातल्या पारबतानं तुझ्या चुलीवर भात टाकला आणि मी तिच्यावर ओरडले. ती घाबरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, चूल थंडी ठेवून ती वापस येते का?" मी बाहेर आले. गिरणीच्या भिंतीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तुझं तेरावं होऊन गेलं तरी माझ्या येरझारा थांबत नाहीत. दवाखान्यात बाळंतिणीपाशी बसले तरी मन बसत नाही. कारण मला ठाऊक आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू निघून गेलीस. ही तुझी जुनीच खोड. वाद रंगात आला की टोपलं उचलायचं आणि चालू लागायचं.

गिरणीवाल्या शेठनी मला सांगितलं होतं, गावापुढे भागिरताबाईविषयी चार शब्द बोला. मी नाही बोलले. लोकांना ऐकायचं होतं की तू किती सोशिक, किती शांत. तू आणि शांत! बाजारात तुला कोणी 'येडी' म्हटलं की तू त्याच्या चार पिढ्या उद्धरून यायचीस आणि मग माझ्या ओट्यावर बसून पोटभर हसायचीस. हे गावापुढे कसं सांगू? म्हणून जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलते.

मूलच्या स्टेशनावर चिंचेखाली तू बसलेली असायचीस. मी तेव्हा नुकतीच इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून आले होते, कुणाला ओळखत नव्हते. केस नीट विंचरलेले, पदर डोक्यावर, हात मांडीवर. मला वाटलं, बाई छोट्या गाडीची वाट बघतेय. गाडी आली, गेली, तू तिथंच. दुसऱ्या दिवशीही तिथंच. शेवटी मी जवळ जाऊन विचारलं, "कुठं जायचंय तुम्हाला?"

"जाऊन आलो," तू म्हणालीस. "आता घरी याचं होतं."

"मग घरी का जात नाही?"

"घर भरलं आहे."

ते भरलेलं घर काय होतं ते मला कळायला बरेच दिवस लागले. बाळंतपणात मूल गेलं, ताप चढला, आणि ताप उतरला तेव्हा तुझं मन ठिकाणावर नव्हतं. तुझ्या नवऱ्यानं, झिबलनं, तुला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथं तू बरी झालीस. डॉक्टर म्हणाले, आता घरी जा. तू घरी गेलीस तर दारात दुसरी बाई उभी, कडेवर लेकरू. तू तिच्याच हातून पाणी मागून प्यालीस आणि मागे फिरलीस. झिबल गावाच्या शिवेपर्यंत तुझ्यामागे आला. "पोळ्यापर्यंत कुठी राह्य, मंग पाहू," म्हणाला. हे सांगताना तू त्याला शिव्या देशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "त्याचंबी काय चुकलं? त्याले कोणी सांगतलंच नाई का मी वापस येईन."

मी तुला माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर आणलं. चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. आठ दिवसांत तू आणखी एका म्हाताऱ्याला घेऊन आलीस. तो इस्पितळातून बरा होऊन निघालेला, आणि त्याला उतरवून घ्यायला स्टेशनावर कोणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, हा माझा ओटा आहे, धर्मशाळा नाही." तू म्हणालीस, "मंग मोठी जागा पाहा नं बाई."

मोठी जागा शेठनी दिली. गिरणीमागचं जुनं गोदाम. छत गळत होतं, तिथं धान ठेवता येत नव्हतं, म्हणून दिलं. ज्या छपराखाली धान टिकत नाही तिथं माणसं ठेवायची, यावर मी चिडले. तू मात्र कवेलू बदलायला वर चढलीससुद्धा. गाव त्याला 'येड्याइचं गोदाम' म्हणायला लागलं. मला ते फार लागायचं. तू म्हणायचीस, "नाव कोणतंबी राहू दे. पत्ता तं झाला."

त्या पत्त्यावर माणसं येत गेली. कोणाला पोलीस पाटील आणून सोडायचा, कोणाला घरचेच गाडीतून उतरवून देऊन पुढे निघून जायचे. कोणी स्वतःशी बोलत यायचं, कोणी अजिबात न बोलता. मी औषधाचं बघायची, ताप, जखमा, उवा, झोप. बाकी सगळं तुझं. आणि त्या 'बाकी सगळ्या'त आपलं पहिलं मोठं भांडण झालं, चुलींवरून.

मी म्हणत होते, एक मोठं पातेलं चढवू, एकदाच भात होईल, लाकूड वाचेल, कोणी उपाशी राहणार नाही. तू ऐकेनास. प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येकाचं गंज, भाताचं भांडं, वेगळं, ज्यानं त्यानं आपला भात आपण शिजवायचा. पहिल्या दिवसांत कुणाचा भात करपला, कुणाचा गच्च झाला, एकानं नुसतं पाणीच उकळलं आणि त्याच्याकडे बघत बसला. धुरानं सगळं गोदाम भरलं. मी खोकत खोकत म्हणाले, "हे काय चाललंय? ही आजारी माणसं आहेत."

"होती," तू म्हणालीस. "मोठ्या पातेल्यातला भात मी लई खाल्ला बाई, तिकडं. चांगला राह्यते. पन तो खाऊन माणूस तिथलाच राह्यते. हे घर राहाचं नाई, निघाचं आहे."

मला ते तेव्हा पटलं नाही. अर्धं अजूनही पटलेलं नाही. सगळ्यांनाच कुठं निघता येतं? काही माणसांना आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचा भात लागतो आणि त्यात कमीपणा नाही, असं मी म्हणायची. तू म्हणायचीस, "तुमाले त्याइले ठेवून घ्याचं आहे." या एका वाक्यावर आपण किती वेळा भांडलो असू!

पण रोवण्याच्या दिवसांत तू त्यांना धानाच्या शेतात, बांधीत घेऊन जायचीस, तेव्हा मी दुरून बघत राहायची. पहिल्या वर्षी शेतकऱ्यांनी नाही म्हटलं. वेड्यांच्या शेजारी वाकून धान रोवायला बाया तयार नव्हत्या. तू म्हणालीस, आमची ओळ वेगळी लावा, आणि रोवणं वाकडं निघालं तर मजुरी देऊ नका. गुडघाभर चिखलात तुमची ती ओळ उभी राहिली. फार सरळ नव्हती. मजुरी मिळाली. परतताना म्हातारा चिखलानं माखलेले हात सगळ्यांना दाखवत होता, जणू आजवर ते त्याचे नव्हतेच.

आता मारुतीचं बोलते. आपण दोघींनी त्याचं नाव काढायचं टाळलं, वर्षानुवर्षं. पण आता तू मला थांबवू शकत नाहीस.

मारुती सिंदेवाहीकडचा. गुणी माणूस. हाताला लागेल त्या बांबूचं काहीतरी करायचा, सूप, टोपली, कोंबड्यांचं डालं. तो बरा झाला, भात शिजवायला लागला, हसायला लागला. तू म्हणालीस, आता याला बहिणीकडे पाठवू. मी म्हटलं, पावसाळा जाऊ दे, पावसात याचं मन खाली जातं, मी पाहिलंय. तू म्हणालीस, माणूस बरा झाल्यावरही बांधून ठेवला तर तो बांधल्यानंच आजारी पडेल. तू त्याला पोचवून आलीस. बहिणीनं ओवाळून घरात घेतलं, असं तू आनंदानं सांगितलंस. आणि मग भर पावसात बातमी आली की मारुती गावच्या बोडीत, तळ्याच्या पाण्यात सापडला.

तू रडली नाहीस. दिवसभर त्याच्या चुलीपाशी बसून राहिलीस. मी जवळ आले तेव्हा वर न बघता म्हणालीस, "तू म्हणत होती, थांब."

तोवर तू मला 'तुमी' म्हणायचीस. त्या दिवशी 'तू' झालं आणि पुन्हा कधी बदललं नाही. त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम बोलायच्या होत्या. एक, की तुझा दोष नाही, माझ्या दवाखान्यात, माझ्या डोळ्यांपुढेही माणसं जातात. आणि दुसरी, की हो, मी सांगितलं होतं. दोन्ही खऱ्या होत्या. दोन्ही एकदम बोलता येत नव्हत्या, म्हणून मी तुझ्याशेजारी बसले. ते पुरलं का तुला? मला कधी कळलं नाही.

लच्चू आला तो त्यानंतर. पोलीस पाटलानं त्याला बाजारातून आणला. बैलबंड्यांखाली झोपायचा, जनावरांपुढचं तनस, धानाचा पेंढा, अंगावर ओढून घ्यायचा. बोलायचा नाही. मुका असेल असं मी धरून चालले. मग एकदा बाजाराच्या दिवशी गोंड बाया वास्ते विकायला आल्या, बांबूचे ते कोवळे कोंब, आणि आपसात त्यांच्या भाषेत बोलत गोदामावरून चालल्या होत्या. लच्चू चुलीपासून उठला, दारात गेला आणि त्यांना काहीतरी म्हणाला. एक बाई थबकली. मग हसली. ती म्हणाली, "हा तं आमच्या तिकडचा बोलते, पोंभुर्ण्याच्या पलीकडचा."

भागिरता, त्या दिवशी तू नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतंस.

हळूहळू त्याचं सगळं कळलं. जंगलातलं गाव. कान्हू नावाचा मोठा भाऊ, तो लच्चूला 'तम्मू' म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. आणि एक आग. लच्चूनं स्वतः सांगितलं, खाली मान घालून, "तनसाच्या ढिगात कोणी बसलं होतं. मले माराले. मी आग लावली." भावाची वर्षाची वैरण जळाली, गोठ्याची एक बाजू जळाली, आणि लच्चू जंगलात पळून गेला तो परत गेलाच नाही.

पोळा झाला आणि तू म्हणालीस, "मी लच्चूले घेऊन जातो."

मी म्हटलं, नाही. मी तुला माझी सगळी कारणं सांगितली. त्याचं औषधपाणी, त्याची झोप, त्या बाजूला या दिवसांत पसरलेला हिवताप, डीडीटी फवारणारी माणसं अजून त्या गावांपर्यंत पोचलेली नाहीत. एक उन्हाळा थांबू, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, "उन्हाळ्यात त्याचं काय काम? आता धान कापाले येते. आता गेला तं मजूर म्हणून घेतील. मंग भाऊ म्हणून घेतील."

"आणि मारुती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तू माझ्याकडे बघितलंस. मग टोपलं उचललंस.

सकाळी पोंभुर्ण्याकडे जाणाऱ्या बांबूच्या बंडीवर तुम्ही दोघं बसलात. मी तुझ्या पदरात हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या बांधून दिल्या आणि रागानं गाठ जरा जास्तच आवळली. तुला निरोपाचं एक धड वाक्य मी बोलले नाही. तूही नाही. बंडी वळली तेव्हा लच्चूनं हात केला. तू पाठमोरीच होतीस.

पुढचं मला कान्हूनं सांगितलं, थोडं लच्चूनं. तुला ते ठाऊकच आहे, पण मी तुला सांगितल्याशिवाय मला ते नीट मांडता येत नाही.

तुम्ही गावात शिरलात तर बाया घरात पळाल्या. त्यांच्या लेखी लच्चू मेला होता. वैनगंगेच्या पुरात वाहून गेला असं कोणीतरी सांगितलं होतं आणि कान्हूनं त्याचे सगळे विधी करून टाकले होते. आता मेलेला माणूस बंडीवरून उतरून पाणी मागत होता. गावचा भुमका, त्यांचा पुजारी, त्याला बोलावलं. तो म्हातारा लच्चूला न्याहाळत राहिला. लच्चू म्हणाला, मले भूक लागली. भुमका म्हणाला, "मेलेला भात मागत नाई. चूक आपली आहे. पेनाले कोंबडा देऊ, माफी मागू."

त्यांच्या पेनाचं, देवाचं सोपं झालं. अवघड होती ती कान्हूची बायको. ती दारात आडवी उभी राहिली. "लेकरं आहेत माझी. पुन्हा आग लावली तं?" तिची भीती खरी होती. मी तिच्या जागी असते तर मीही आडवी झाले असते. तू तिच्याशी भांडली नाहीस, याचं मला नवल वाटतं. तू म्हणालीस, "बरोबर बोलली बाई तू. मी राहतो इथी. तनसाजवळ मीच निजतो."

आणि तू राहिलीस. गोठ्याच्या मागे, तनसाच्या ढिगाला टेकून चार बांबूंचं छप्पर. एका बाजूला लच्चू, दुसऱ्या बाजूला घर, मध्ये तू. ती बाई सुरुवातीला तुला आंबील आणायची ती दूर ठेवून जायची. नंतर जवळ बसून द्यायला लागली. कोयनेलच्या गोळ्या तू तिच्या तापलेल्या लेकरांना दिल्यास, हेही कान्हूनंच सांगितलं, हात जोडून. मी ते ऐकून घेतलं. त्या गोळ्या मी तुझ्यासाठी बांधल्या होत्या.

धान कापणी सुरू झाली आणि लच्चू भावाच्या जोडीनं बांधीत उतरला. आणि मग ती दुपार. कान्हूला ते सांगताना घाम फुटला होता. दुपारी जेवायला सगळे घराकडे आले, आणि लच्चू चुलीतलं जळतं लाकूड हातात घेऊन तनसाच्या ढिगाकडे चालला होता. डोळे तसेच, पूर्वीसारखे. कान्हू काठी घेऊन धावला. तू त्याला हातानंच थांबवलंस. मग जाऊन त्या ढिगावर बसलीस.

"लाव," म्हणालीस. "पन आधी मले सांग, कोण बसलं आहे यात."

लच्चू बघत राहिला. मग म्हणाला, "तू."

"अन् आखीन कोण?"

त्यानं फार वेळ बघितलं. ढिगाला फेरी मारून आला. "कोणी नाई," म्हणाला. आणि लाकूड पाण्याच्या डोणीत नेऊन टाकलं.

कान्हू हे सांगून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं मी तुझं कौतुक करीन. मला राग आला, भागिरता. त्यानं लावली असती तर? कोरडं तनस, भरदुपार, काय उरलं असतं तुझं? तुला कोणी सांगितलं होतं की माणूस आपल्या वेडाला असं विचारून बघू शकतो? तू म्हणशील, मले ठाऊक होतं. पण तुला मारुतीचंही ठाऊक होतं. एका वेळी तुझं चुकलं, एका वेळी बरोबर आलं. दोन्ही वेळी तुझा चेहरा तसाच ठाम असणार. यावर मला तुझ्याशी बोलायचं होतं. गोदामाच्या ओट्यावर, धान निसता निसता, चांगलं तासभर भांडायचं होतं.

मग तुला ताप चढला आणि दोघा भावांनी तुला बंडीत तनस अंथरून, त्यावर घोंगडं टाकून आणलं. बंडी लच्चू हाकत होता. दवाखान्याच्या दारात त्यानं बैल सोडले आणि माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलला. ताप कधी आला, थंडी केव्हा वाजली, उलटी किती, पाणी काय घेतलं. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ऐकायलाही वेळ नव्हता. हिवताप तुझ्या डोक्यात चढला होता.

तू बडबडत होतीस. बाळाला हाक मारत होतीस. कवेलू सरकवायला सांगत होतीस. उठून पळत होतीस. दवाखान्याच्या नळावरच्या बाया म्हणाल्या, "पाहा, पुन्हा येडी झाली. कधी नं कधी वापस येतेच ते." मी सुई तशीच हातात धरून बाहेर आले आणि त्यांना असं काही बोलले की तू खूश झाली असतीस. ताप आहे तो, म्हटलं. तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात चढला तर तोही असाच बडबडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोडा वेळ तू शुद्धीवर आलीस. खिडकीतून ऊन येत होतं. माझा हात धरलास.

"मी येडी झालो का वापस?"

"नाही. ताप आहे."

"खरं सांग. तू मले खोटं नाई सांगत."

"खरं सांगते. हिवताप आहे. मन तुझं ठिकाणावर आहे, रक्त तापलंय."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "मंग चालते." थोड्या वेळानं पुन्हा, "लच्चूचं धान मळाचं आहे. त्याले थांबवू नको."

त्यानंतर तू शुद्धीवर आली नाहीस. दवाखान्यात जे होतं ते सगळं मी दिलं. डॉक्टरांनी दिलं. हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगते.

आग कोणी दिली ते ऐक, आणि चिडू नकोस. झिबल आला होता. कोणी निरोप दिला माहीत नाही. थकलाय. डोक्याला गुंडाळलेलं काढून हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी देतो. माझी बायको आहे ते." मला नाही म्हणायचं होतं, पण माझा काय हक्क? मी गोदामातल्या सगळ्यांकडे बघितलं. पारबता पुढे झाली. "तिनं घर आमाले देल्लं, आग आमी देऊ." लोक कुजबुजले. बाईमाणूस आग देणार, आणि तीही कोण, तर राजुऱ्याकडून आलेली येडी. पण झिबल मागे सरला. पाण्याचं मडकं उचलून म्हणाला, "मंग हे तरी मले दे." तो मडकं घेऊन फिरला आणि रडला. मला वाटतं तू त्याला रडू दिलं असतंस.

लच्चूला मी म्हटलं, थोडे दिवस इथं राहा, माझ्या नजरेसमोर. तो म्हणाला, "नाई बाई. धान मळाचं आहे." बैल जुंपले आणि दोघं भाऊ निघून गेले. तू सांगितलं होतंस म्हणून मी थांबवलं नाही. तू सांगितलं नसतंस तर थांबवलं असतं. तो तिकडे कसा आहे, मला रोज वाटतं जाऊन बघावं. बाजारच्या दिवशी वास्तेवाल्या बायांना मी विचारते. आहे, म्हणतात. काम करते, म्हणतात. एक म्हणाली, हसते. मला एवढ्यानं भागत नाही.

शेठ आले होते. भागिरताबाई गेल्या, आता गोदामाचं काय करायचं, असं हळूच विचारत होते. त्यांना कदाचित जागा परत हवी होती, कदाचित माझी काळजी वाटत होती. मी म्हटलं, जागा लागेल. इतक्या जोरात म्हटलं की ते दचकले. मीही दचकले. तू असताना हे घर चालणं कसं अवघड आहे, हे मीच त्यांना सांगत आले होते.

आणि आता पारबता. आपला दुसरा न मिटलेला वाद. आता आहेत त्यांत ती सगळ्यांत जुनी. नदीपलीकडे राजुरा निझामाकडे होतं तेव्हा घरातून भरकटली, तेलुगू-मराठी सरमिसळ बोलत इथवर आली. तिकडं भाऊ-भावजय आहेत, त्यांची सून आहे, जमीन आहे. तू दर वर्षी म्हणायचीस, पारबताला पाठवू. मी दर वर्षी म्हणायची, आजार चढला की ही जेवायचं विसरते, तिकडं कोण बघेल? तू गप्प व्हायचीस. मला वाटायचं मी जिंकले. खरं म्हणजे मला तिच्याशिवाय हे गोदाम कसं वाटेल ते बघायचं नव्हतं, हे तू ओळखलं होतंस का? मला वाटतं ओळखलं होतंस, आणि बोलली नाहीस.

काल पारबता स्वतःच म्हणाली, "बाई, मले जाचं आहे." मी कारणं सांगायला तोंड उघडलं. ती ऐकायला थांबलीच नाही. माझ्या लक्षात आलं की हे ती तुझ्याकडून शिकली.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही चांद्याला जातोय, तिथून नदी ओलांडून राजुऱ्याला. मी रजा टाकली आहे. माझ्या पद्धतीनं करणार आहे, भागिरता, तुझ्या नाही. तिच्या भावजयीला, सुनेला बसवून सगळं सांगेन, तिच्या आजाराची सुरुवात कशी ओळखायची, जेवण कसं पुढे ठेवायचं, झोप उडाली तर काय करायचं. तिथल्या दवाखान्यात ओळख करून ठेवेन. तू हसशील. हस.

आत्ता मी हे लिहितेय आणि ती समोर बसून लुगडी घडी करतेय. तेच तेच पुन्हा उलगडून घडी करतेय. मघाशी विचारलं तिनं, "बाई, ते नाई म्हणाले तं?"

"तर वापस येऊ," मी म्हटलं. "त्यात काय?"

"अन् हो म्हणाले तं?"

मी उठले. दारापर्यंत गेले. परत आले. तू काय म्हणाली असतीस ते आठवायचा प्रयत्न केला आणि आठवलं नाही, कारण हे तुला कोणी विचारलं तेव्हा मी तिथं कधी नव्हतेच.

"मी थोडे दिवस थांबेन तिथं," मी म्हटलं.

"अन् मंग?"

"मग मी परत येईन. तू नाही."

तिनं घडी पुन्हा उलगडली.